लुईस-स्केलीचं लाल कार्ड: भाच्याला काय सांगू?

अनगोळचा लेफ्ट बॅक
२६ जानेवारी २०२५, रात्री १०.५०

काल रात्रीची वुल्व्ह्‌ज-आर्सेनल मॅच ज्यांनी बघितली त्यांना वेगळं सांगायला नको. ४३वं मिनिट, शून्य-शून्य. आपल्या आर्सेनलचा हल्ला फसला, वुल्व्ह्‌जच्या बॉक्सजवळून डोहर्टी बॉल घेऊन सुटला आणि आपला लेफ्ट बॅक मायल्स लुईस-स्केलीनं पाय घालून त्याला पाडलं. फाऊल होताच, त्यात वाद नाही. पिवळं मिळणार हे पोरालाही माहीत असणार. रेफरी मायकेल ऑलिव्हरनं खिशातनं काढलं ते लाल! व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायला, डॅरेन इंग्लंड होता, त्यानंही तेच कायम ठेवलं. आपला गोल तिकडं लांब दुसऱ्या टोकाला, मधे आपली माणसं उभी, आणि अठरा वर्षांच्या पोराला थेट बाहेर.

पुढं त्यांचा जोआव गोम्स दुसऱ्या पिवळ्यावर गेला, चार मिनिटांत कालाफियोरीनं गोल मारला, तीन गुण मिळाले. पण मला आनंद म्हणून झाला नाही.

माझ्याशेजारी भाचा बसला होता. चौदा वर्षांचा, डावखुरा, म्हणून शाळेच्या सरांनी लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावाला, घातलंय. लुईस-स्केली खेळायला लागल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. लेफ्ट बॅकचा पण कुणी हीरो असतो हे त्याला पहिल्यांदा कळलं. कार्ड दाखवल्यावर तो काही बोलला नाही. हाफ टाइमला विचारतो, ‘मामा, आमच्या मॅचला मी तसाच पाय घातला तर मलापण लाल देणार काय?’ येत्या शनिवारी त्यांची मॅच आहे. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारूलालोय.

मला उत्तर का देता आलं नाही तेही सांगतो. मीपण लेफ्ट बॅक होतो. इथं बेळगावात उद्यमबागला कामाला लागायच्या आधीची गोष्ट, पावसाळ्यातली स्पर्धा, क्वार्टर फायनल. मैदानावर तांबडा चिखल, मारलेली फक्की पहिल्या दहा मिनिटांत वाहून गेलेली. त्यांचा विंगर माझ्या आतल्या बाजूनं निघाला, हाफ लाइनच्या अलीकडं. मी पाय घातला, दोघंही घसरत गेलो. उठलो तेव्हा डोळ्यात चिखल होता, बाहीनं पुसला, तर समोर लाल कार्ड. रेफरी माझ्यापासून तीस पावलांवर होते. मी बाहेर येऊन बांधावर बसलो, बूट काढले नाहीत, बदलीच्या पोरानं अंगावर रेनकोट टाकला तोही तसाच. आम्ही दोन-एकनं हरलो. त्या माणसाचं नाव मी कधी घेतलं नाही, आजही घेणार नाही. पण त्या दिवसानंतर दीड वर्ष मी टॅकलला जाताना मनात आधी कार्ड बघायचो आणि मग बॉल. लेफ्ट बॅकसाठी यापेक्षा वाईट काही नाही. भाच्याचं तसं व्हायला नको.

आता माझं म्हणणं. त्या फाऊलला पोरगं एकटं जबाबदार नाही. आपला मॅनेजर आर्तेता लेफ्ट बॅकला कुठं उभं करतो ते बघा. बॉल आपल्याकडं आला की लुईस-स्केली लाइन सोडून आत येतो, मधल्या फळीतल्या पार्टी आणि राईसच्या जवळ. त्यामुळं मधे आपला एक माणूस जास्त होतो आणि पासला वाट मिळते. पण बॉल गेला की समोरच्याची पळापळ थांबवायची पहिली जबाबदारी त्याचीच. मागं त्याची कडा मोकळी पडलेली असते. मग तो काय करणार? एकतर गाठून बॉल काढायचा, नाही तर पाडायचं. काल त्यानं जे केलं ते काम त्याला दिलेलंच आहे. जगातला प्रत्येक मॅनेजर हेच शिकवतो आणि त्याची किंमत पिवळं कार्ड, हे सगळ्यांना माहीत आहे.

ऑलिव्हर आर्सेनलच्या विरुद्ध आहे, कट आहे, असलं मी म्हणत नाही. चांगला रेफरी आहे म्हणूनच जास्त दुखतं. २२ सप्टेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध आपल्या ट्रोसार्डला बॉल लांब मारला म्हणून दुसरं पिवळं दिलं तेही ऑलिव्हरनंच. त्याच मॅचला लुईस-स्केली लीगमध्ये पहिल्यांदा उतरायचा होता आणि मैदानात पाऊल टाकायच्या आधी साइडलाइनलाच त्याला पिवळं मिळालं होतं. राईसला ब्रायटनविरुद्ध, मग ट्रोसार्ड, मग बोर्नमथला सलिबा, आता हा. चार लाल कार्डं आणि अजून मोसम अर्ध्याच्या थोडा पुढं आलाय. लिव्हरपूल ५३ गुणांवर, आपण ४७ वर आणि त्यांची एक मॅच कमी झालीय. यातली दहा माणसांची किती मिनिटं धरायची?

कुणी नियम नीट जाणणारं असेल तर सांगा. शनिवारपर्यंत पोराला काहीतरी सांगायला पाहिजे.


निपाणीकर
२७ जानेवारी, सकाळी ७.१५

भावा, मी मँचेस्टर युनायटेडचा, तरी सांगतो, ते लाल नव्हतं. पिवळं. विषय संपला.

पण तुझ्या मॅनेजरला तू फार सांभाळून घेतोस. २१ डिसेंबरला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर तुमचा साका हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला. १२ जानेवारीला आमच्याविरुद्ध एफए कपला जेझुसचा गुडघा गेला. त्या मॅचला आम्ही एक तासानंतर दहा जण होतो, आमच्या डालोला लाल दाखवून बाहेर काढलेलं, तुम्हाला पेनल्टी मिळाली, ओडेगार्डची आमचा गोलकीपर बायंदीरनं अडवली, शेवटी शूटआउटला हॅव्हर्ट्झ चुकला. एवढं होऊन जानेवारी संपत आला आणि स्ट्रायकर कुठाय? अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध दोन-शून्य पुढं असताना दोन-दोन केली. तिसरा गोल मारायला माणूसच नाही. रेफरीवर तू पानभर लिहिलास आणि यावर एक ओळ नाही.

आमचं तर बोलायलाच नको. आमचा मॅनेजर अमोरिम नोव्हेंबरात आला, आला तो तीन बॅकची पद्धत घेऊनच. तिला लागणारी माणसं संघात नाहीत. उजव्या पायाचा डालो डाव्या बाजूला विंग-बॅक. बाहेरनं पळाला की क्रॉस मारायला परत उजव्या पायावर घेतो, तोपर्यंत समोरचे सगळे जागेवर आलेले असतात. ब्रायटननं घरात येऊन तीन-एक मारलं आणि हा माणूस पत्रकारांसमोर म्हणतो, क्लबच्या इतिहासातली ही बहुतेक सगळ्यात वाईट टीम. खरं असेल, पण पोरांसमोर मोठ्या माणसानं असं बोलू नये. काल फुलहॅमला जिंकलो तर रॅशफोर्डबद्दल म्हणाला, जो रोज जीव तोडून सराव करत नाही त्याच्याऐवजी मी ६३ वर्षांच्या गोलकीपिंग कोचला बसवीन. रॅशफोर्ड आमच्या अकादमीतनं वर आलेलं पोरगं आहे रे. मला ते ऐकून रात्री झोप आली नाही.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर मी लहानपणापासून जातो, निपाणीतनं एसटीनं तासाभराचं अंतर. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, कुणाची पण मॅच असू दे, तिथं पेठेतलं पोरगं चुकलं तर घरात शिव्या बसतील, पण दुसऱ्या पेठेसमोर त्याला कोण उघडं पाडत नाही. अमोरिमला हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

भाच्याला सांग, पाय घालू नको, पळ.


खानापूर ते फातोर्डा
२७ जानेवारी, दुपारी २.०५

दादा, तुम्ही निदान व्हीएआरवर भांडूलालाय. आमच्या आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, व्हीएआर नाहीच. रेफरीला जे दिसलं ते दिसलं. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर काय झालं आठवतंय ना? बंगळुरू-केरळ प्लेऑफ, एक्स्ट्रा टाइम, छेत्रीनं झटकन फ्री किक मारली, केरळची भिंत अजून उभी राहत होती, गोलकीपर तयार नव्हता. रेफरी क्रिस्टल जॉननी गोल दिला. केरळचा कोच वुकोमानोविच सगळ्या संघाला घेऊन मैदान सोडून गेला. पुढं त्याला दहा मॅचची बंदी आणि क्लबला चार कोटींचा दंड. माझ्या मते नियमानं गोल बरोबर होता, झटकन मारायची मुभा आहेच. पण रेफरीनं आधी भिंतीजवळ जाऊन अंतर मोजायला घेतलं की नाही, त्यावर सगळं ठरतं. त्यावर आजपण आमच्या ग्रुपवर भांडणं होतात.

मी एफसी गोवाचा. इथं बरेच जण विचारतात, कर्नाटकात राहून बंगळुरूचा का नाही? खानापुरातनं लोंढा, रामनगर, अनमोड घाट उतरला की मोले, आणि पुढं मडगाव. मॅच संपली की रात्रीतच परत येऊन सकाळी दुकान उघडता येतं. बंगळुरूला जायचं म्हणजे एक रात्र जायला, एक यायला. मन जिथं जातं तिथं जातं, त्याला हद्द कोण घालणार? २ नोव्हेंबरला आम्ही मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला होतो, बंगळुरूला तीन-शून्य मारलं. शेजारी बेळगावचेच चौघं निळा शर्ट घालून बसले होते, शेवटी त्यांच्याच गाडीतनं परत आलो.

आणि लेफ्ट बॅकचा विषय आहे म्हणून सांगतो, आमच्या ब्रायसन फर्नांडिसला बघा. मोहन बागानविरुद्ध २० डिसेंबरला दोन गोल, आम्ही दोन-एक जिंकलो. विंगला खेळतो पण बॉल गेला की पहिला मागं पळतो तोच. आपल्या मातीतलं, आपल्यासारखं बोलणारं पोरगं! तुमच्या भाच्याला लंडन दाखवा, पण एकदा फातोर्ड्याला घेऊन या. मी येतो अनमोडपर्यंत घ्यायला.

माझी तक्रार एकच. मानोलो मार्केझ आमचा कोच आणि जुलैपासून भारताचा पण कोच. देशासाठी चार मॅच झाल्या, एक जिंकलेली नाही. माणूस उत्तम आहे, आमची टीम त्यानं सुरेख बांधलीय. पण एका माणसानं दोन घरं चालवायची म्हणजे कुठल्यातरी घरी चूल उशिरा पेटणार.


टिळकवाडीची शिट्टी
२७ जानेवारी, रात्री ९.३०

लेफ्ट बॅक, तुमची पोस्ट सकाळीच वाचली. उत्तर नीट द्यायचं होतं म्हणून शाळा सुटल्यावर निवांत बसलो. मी पीटी शिक्षक आहे, बारा वर्षं शाळांच्या मॅचना रेफरी म्हणून उभा राहतोय.

नियम असा. फाऊल तीन तऱ्हेचा असतो. निष्काळजीपणानं झाला तर फक्त फ्री किक. समोरच्याला काय होईल याचा विचारच केला नाही, तर पिवळं. जरुरीपेक्षा जास्त जोर वापरला किंवा समोरच्याला इजा होईल असा धोका केला, तर लाल. ‘आशादायक हल्ला’ अडवला तर त्याचं वेगळं पिवळं आहे. स्पष्ट गोलची संधी अडवली तर लाल. परवा गोलची संधी नव्हतीच, म्हणजे ऑलिव्हरनं ते कार्ड धोकादायक टॅकल म्हणून दिलं. पाय बुटाच्या वर, नडगीवर लागला. मैदानावरून एवढंच दिसतं: नडगी, बुटाची टाच आणि माणूस पडताना. जोर किती होता हे रीप्लेत कळतं. मला विचाराल तर जोर नव्हता, पाय अडकवला होता. पिवळं.

मग व्हीएआरनं का बदललं नाही? कारण व्हीएआरला ‘तू असतास तर काय दिलं असतंस’ असं कुणी विचारत नाही. ‘उघड आणि ढळढळीत चूक आहे का’ एवढंच विचारतात. नडगीवर पाय लागलेला दिसतोय म्हटल्यावर आत बसलेला माणूस म्हणतो, रेफरीच्या निर्णयाला आधार आहे, राहू दे. माझ्या मते इथंच सगळी अडचण आहे. पाय लागला ती जागा फोटोत दिसते, जोर फोटोत दिसत नाही. स्क्रीन थांबवून बघितली की प्रत्येक टॅकल भयंकर वाटतो.

राईस आणि ट्रोसार्डच्या बाबतीत मात्र मी रेफरीच्या बाजूनं. शिट्टी झाल्यावर बॉल मारला, खेळ सुरू व्हायला उशीर केला, पिवळं. आधीचं एक असेल तर बाहेर. तुमचा खरा राग हा आहे की त्याच ब्रायटन मॅचला जोआव पेद्रोनं बॉल लांब मारला तेव्हा काही दिलं नाही. तो राग योग्य आहे. नियम कडक असला तरी पोरं मानतात. एकाला एक आणि दुसऱ्याला एक झालं की मानत नाहीत.

आता माझंही सांगतो. चार वर्षांपूर्वी मी एका नववीतल्या मुलाला लाल दिलं. मला वाटलं, स्टड वर करून आला. दुसऱ्या दिवशी एका पालकानं फोनवरचा व्हिडिओ दाखवला. पाय बॉलवर होता, समोरचा पोरगा स्वतःच घसरला होता. मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई दारात भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं उभी होती, तो आत होता, बाहेर आला नाही. मी दारातच सांगितलं, माझी चूक झाली. शाळा स्पर्धेतनं बाहेर गेलेली होती, ते परत येणार नव्हतं. तुमच्या त्या रेफरींनी तुम्हाला असं कधी सांगितलं नसेल तर त्यांच्या जागी मी सांगतो, तीस पावलांवरून, पावसात, चिखलात लाल कार्ड काढायला नको होतं.

भाच्यासाठी. मागून येऊन पाय अडकवायचा नाही, शाळांच्या मॅचला रेफरी कोवळ्या पायांना जपतो, लालच्या जवळ जातो. माणूस सुटला तर त्याच्या आणि गोलच्या मधल्या रेषेत पळायचं, बाजूनं नाही. दोन हात अंतर ठेवून त्याला कडेला न्यायचं. त्याचा बॉल पायापासून सुटतो तो एक क्षण बघत राहायचं, तेव्हाच पाय टाकायचा. आणि शिट्टी झाली की हात पाठीमागं. हात पाठीमागं असलेल्या पोराकडं बघून रेफरीचा अर्धा राग उतरतो, हे मी माझ्यावरून सांगतो.


अनगोळचा लेफ्ट बॅक
२८ जानेवारी, रात्री ११.२०

सर, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. शेवटचा परिच्छेद भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवला. त्याच्या आधीचा माझ्यासाठी होता, तो मी एकटा असताना परत वाचला. काय लिहायचं कळत नाही. आभार.

आणि बातमी आली! आर्सेनलनं केलेलं अपील मान्य झालं, लाल कार्ड रद्द. तीन मॅचची बंदी गेली. म्हणजे रविवारी सिटी, पुढच्या आठवड्यात न्यूकॅसल, नंतर लेस्टर, तिन्हीला पोरगं मोकळं. भाचा खोलीभर उड्या मारूलाय. पण सर, अपील करायला वकील आणि व्हिडिओ असलेला क्लब लागतो. आमच्या चिखलात ते नव्हतं, तुमच्या त्या मुलाला पण नव्हतं, त्याला फक्त तुम्ही होता.

निपाणीकर, स्ट्रायकरचं तुमचं बरोबर आहे. मी लिहिलं नाही कारण लिहायला घेतलं की हात थरथरतात. न्यूकॅसलनं लीग कपच्या सेमीफायनलला आपल्या घरात दोन-शून्य मारलं त्या रात्री मी मोजत होतो, किती बॉल गोलसमोरून आडवे गेले आणि तिथं कुणी नाही. हॅव्हर्ट्झ मनापासून पळतो, त्याला मी बोलणार नाही. पण साका आणि जेझुस दोघं गेल्यावर मोसम एकट्याच्या खांद्यावर टाकायचा नसतो. आर्तेतानं पाच वर्षांत जे उभं केलंय त्याबद्दल मला आदर आहे, त्याच आदरापोटी म्हणतो, घ्या कुणीतरी.

अमोरिमबद्दल पटलं. टीम वाईट असेल तर ते आत बोलायचं.


निपाणीकर
२९ जानेवारी, सकाळी ६.५०

सर, त्या मुलाच्या दारात गेलात ते वाचून मी बायकोला उठवून दाखवलं. माझ्या चाळीस वर्षांच्या फुटबॉलमध्ये एकही रेफरी असा भेटला नाही.

शनिवारी पोराचं काय झालं ते कळवा. सिटीला हरवा म्हणजे झालं.


अनगोळचा लेफ्ट बॅक
३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

पहिल्या शिफ्टला निघायच्या आधी पटकन लिहितो. झोप झालेली नाही.

शनिवारची मॅच. एक-शून्य पुढं होते. शेवटची पाच मिनिटं असतील, समोरचा उंच विंगर भाच्याच्या बाहेरनं सुटला. मी लाइनवर उभा होतो, माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला. पोरानं पाय घातला नाही. आतल्या बाजूनं गोलच्या रेषेत पळत गेला, दोन हात अंतर ठेवून, त्याला कॉर्नरच्या झेंड्याकडं नेलं. विंगरनं बॉल थोडा लांब टाकला आणि तेव्हा यानं डावा पाय घातला. बॉल थ्रोला गेला. शिट्टी झाली नव्हती, तरी गडी हात पाठीमागं घेऊन उभा! रेफरी त्याच्याकडं बघून हसले. जिंकले.

काल रात्री दहाला सिटी. दुसऱ्याच मिनिटाला ओडेगार्डचा गोल. ५५ला सिटीच्या हालांडनं बरोबरी केली, घरात सगळे गप्प, आणि मिनिटभरात पार्टी. ६२ला राईसनं पास दिला, लेफ्ट बॅक आत घुसला, त्यांचा गोलकीपर ऑर्टेगाला हलवलं आणि गोल. मायल्स लुईस-स्केली! ज्याला कालच्या मॅचला बसावं लागणार होतं तोच. मग हालांड गोल मारल्यावर बसतो तशी मांडी घालून, डोळे मिटून खाली बसला. पुढं हॅव्हर्ट्झ आणि न्वानेरी, पाच-एक.

भाचा फरशीवर तसाच मांडी घालून बसला आणि उठायलाच तयार नव्हता. शेवटी ताईनं खालून हाक मारली, उद्या शाळा आहे म्हणून.

खानापूरकर, पुढची घरची मॅच कधी आहे ते सांगा. आम्ही दोघं येतोय, चहा घेऊन अनमोडला थांबतो.